मधला खांब

लकडीमिस्त्री गाडीपाशी आले की आधी तिचा वास घेत. माणसाशी रामराम-सलाम नंतर. मागचं दार उघडायचं, गुडघे टेकायचे आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे गाडी धुतल्याचं पाणी मुरून बसतं, तिथे थेट नाक लावायचं. डोळे मिटलेले, टोपी मागे सरकलेली. बघणाऱ्याला वाटावं, या म्हाताऱ्याचं काही खरं नाही. मीही पहिल्यांदा हसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसा, बाई. पन सडेल लाकूड आधी नाकाले सांगते, डोयाले मागून सांगते. डोयाले दिसलं म्हनजे लय उशीर झाला समजा."

यवतमाळच्या बसस्टँडमागे पत्र्याचं एक गॅरेज होतं. तिथे दोन मिस्त्री. एक इंजिनाचा, त्याला सगळे लोहामिस्त्री म्हणत. आणि दुसरे हे, म्हणून लकडीमिस्त्री. मी त्यांना चाचा म्हणायचे. तेव्हा मी दारव्ह्याहून नुकतीच येऊन एका धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. दवाखान्याला एक जुनी स्टेशन वॅगन दान मिळाली होती. जिनिंग फॅक्टरीचा कोणी गोरा मॅनेजर विलायतेला जाताना ती सोडून गेला होता. पुढचं तोंड मोटारीचं, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे सगळं लाकूड. खेड्यातली पोरं तिला 'कपाट' म्हणायची. त्या कपाटातून आम्ही आठवड्यातले चार दिवस पांढरकवड्याच्या पुढे, झरी-जामणीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये औषधं घेऊन जायचो.

ते बाहेरून दिसणारं लाकूड शोभेचं असावं असं मला वाटे. एकदा मी तसं बोलून गेले. चाचांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि मला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर इंजिन आणि चाकं. पण त्याच्यावर जे काही उभं होतं ते लाकडाच्या जिवावर. तळाच्या जाड पट्टीत रोवलेले खांब, खांबांच्या डोक्यावर छताची पट्टी, तिच्यावर आडव्या कमानी. दारं खांबांना टांगलेली. पत्रा तर चौकटीवर नुसता खिळ्यांनी ठोकलेला. "पत्रा म्हनजे कातडं हाये, बाई," ते म्हणाले. "थे काढून टाका, गाडी चालन. हे लाकूड हाड हाये. आन हा मधातला खांब..." पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबावर त्यांनी तळवा ठेवला, "हा मनका."

मूळचं विलायती लाकूड आमच्या उन्हात तडकलं होतं आणि पावसात कुजलं होतं. चाचांनी एकेक तुकडा काढून त्याच मापाचा नवा बसवला. खांबांना सागवान, कमानींना धावडा, कारण धावडा वाकतो पण मोडत नाही. सागवान ते स्वतः डेपोवर जाऊन निवडत आणि मग घरी नेऊन वाळवत. त्यांचं घर दोन खोल्यांचं. आढ्याखाली फळ्यांचे थर, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, आणि चाचीच्या चुलीच्या वरसुद्धा दोन फळ्या धूर खात पडलेल्या. चाची मला म्हणाली होती, "माह्या घरात मानसाहून लाकडाले जागा जास्त. पाव्हना आला तं त्याले बी वाळू घाला लागते." चाचा नुसते हसले. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे घरात काढल्याशिवाय त्यांचं लाकूड गाडीला लागत नसे.

दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की ते दवाखान्याच्या आवारात यायचे. हातात जवसाच्या तेलाची बाटली आणि जुन्या धोतराचं फडकं. कोणी बोलावलेलं नसे. गाडी बाहेर गेलेली असली तर निंबाखाली बसून राहत. आमचा ड्रायव्हर किसन त्यांना मदत करी. किसन तिशीतला, शांत माणूस. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता आणि तेव्हापासून आवारातल्या माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊ लागला होता. त्यावरून कुजबुज होई. दवाखान्याचे सेक्रेटरी तर उघडच नाक मुरडत. चाचा मात्र खांबाला तेल लावता लावता म्हणायचे, "किसन, मले बी एक गिलास दे." किसन आणून द्यायचा, चाचा बसून प्यायचे, आणि दोघं पुन्हा कामाला लागायचे.

त्यांची आणखी एक रीत होती. गाडीच्या आत, खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत ते तिरपी सुतळी ताणून बांधत आणि किसनला खड्ड्याखुड्ड्यातून एक फेरी मारून आणायला सांगत. परत आल्यावर सुतळीला बोट लावायचं. ताठ असली तर चौकट जागेवर आहे. ढिली पडली तर कुठेतरी सांधा हलला. पहिलं वर्षभर मी ती सुतळी कधी ढिली पडलेली पाहिली नाही.

मग कोलामांच्या एका पोडावरची, म्हणजे जंगलातल्या वस्तीवरची, ती बाई आली. पहिलटकरीण, दोन दिवसांपासून अडलेली. तिला दवाखान्यात आणल्याशिवाय इलाज नव्हता. तिच्या नवऱ्याने आणि भावाने बाज उचलून गाडीपर्यंत आणली आणि तिथेच सगळं अडलं. मागच्या दारातून बाज जाईना, कारण तिथे औषधांचं मोठं कपाट पक्कं बसवलेलं. बाजूच्या दारातून वळवावी तर मधला खांब आडवा. शेवटी तिला बाजेवरून उतरवलं, दोघांनी काखेत धरलं, आणि कमरेत वाकवून आत घातलं. ती ओरडली नाही. फक्त माझ्या मनगटावर तिची नखं रुतली. दवाखान्यात ती वाचली, मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, ते आधीच गेलेलं असेल. असेल. पण माझ्या डोळ्यांसमोरून ते वाकवणं काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले आणि चाचांना म्हणाले, "मधला खांब काढून टाका. दार रुंद करा. बाज सरळ आत गेली पाहिजे."

"नाई," ते म्हणाले. "थे नाई होनार."

"का नाही?"

"छत कोनाच्या खांद्यावर ठेवू मग? मांगचं औषधाचं कपाट काढा, बाई. मांगून बाज सरकवा. मी एका दिवसात करून देतो."

मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. त्या कपाटावर दान देणाऱ्या शेटजींचं नाव रंगवलेलं होतं. ते काढलं तर शेटजींना काय वाटेल? मी परत गॅरेजवर. चाचा पुन्हा नाही म्हणाले. आणखी चार दिवसांनी मी तिसऱ्यांदा गेले. त्या दिवशी माझा तोल सुटला. मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला तुमचं लाकूड जपायचंय. बाई मेली काय, जगली काय, तुम्हाला काय त्याचं!"

ते बराच वेळ पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवत बसले. त्यांची मोठी मुलगी बाळंतपणातच गेली होती, हे मला माहीत होतं. मला माहीत होतं आणि तरीही मी ते बोलले.

"गाडी सोमवारी घेऊन या," ते म्हणाले.

त्यांनी डाव्या बाजूचा खांब कापला तेव्हा मी तिथे होते. करवत चालताना ते एकदाही थांबले नाहीत. मग त्यांनी छताची पट्टी दुप्पट जाडीची बसवली, तळाला दुसरी पट्टी जोडली, कोपऱ्यांना लोहामिस्त्रीकडून लोखंडी आकडे करून ठोकले. जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. मग सुतळी बांधली. किसन फेरी मारून आला. सुतळी बोटभर ढिली होती. चाचांनी ती मला दाखवली आणि म्हणाले, "आता ऐका. छतावर सामान ठेवाचं नाई. एक सुटकेस बी नाई. नाल्यातून गाडी तिरपी घालाची नाई. हे दोन तुम्ही सगयाईले सांगा. मले जबान द्या." मी जबान दिली.

पुढचे आठ-नऊ महिने माझं म्हणणं खरं ठरलं. कितीतरी बाया, एक झाडावरून पडलेला माणूस, एक अस्वलाने फाडलेला म्हातारा, सगळे आडवे, सरळ, न वाकता आत गेले. मला अभिमान वाटे. चाचा दर शुक्रवारी येत, तेल लावत, सुतळी ओढून बघत आणि काही न बोलता जात. त्यांना धीर द्यायला मी एकदा म्हणाले, "बघा, काही झालं का?" ते म्हणाले, "लाकूड मानसावानी हाये, बाई. सहन करते तवर कायीच बोलत नाई."

हिवाळ्यात जंगलभागात दहा दिवसांचा कॅम्प ठरला. निघायच्या दिवशी सकाळी सेक्रेटरींनी आठ लोखंडी खाटा आणून गाडीच्या छतावर बांधायला लावल्या. किसन दोर हातात घेऊन माझ्याकडे आला. "बाई, चाचानं छतावर वजन नाई म्हनलं होतं. तुमच्यासमोरच म्हनलं होतं."

मी सेक्रेटरींना सांगायला हवं होतं. पण ते घाईत होते, आवाज चढवून बोलत होते, आणि खाटांसाठी दुसरी गाडी मागवायची तर कॅम्प दोन दिवस लांबला असता. मी किसनला म्हणाले, "आजचा दिवस चालवून घे. हळू ने."

त्याने हळूच नेली. हे मी आज लिहून ठेवते, कारण तेव्हा बोलले नाही. झरीच्या अलीकडच्या नाल्यात बैलगाड्यांनी रस्ता खचवला होता. किसनने गाडी थांबवली, उतरून पाहिलं आणि पायी चालावं त्या वेगाने आत घातली. पुढचं डावं चाक एका खाचेत बसलं. गाडी पिळली गेली. आधी एक कोरडा आवाज आला, मग दुसरा, आणि खाटांसकट छत डाव्या बाजूला, मी बसले होते त्या बाजूला, खाली यायला लागलं. किसनने स्टिअरिंग सोडून डावा हात वर घातला. छताची जाड पट्टी माझ्या डोक्यावर यायची ती त्याच्या मनगटावर आली आणि मनगटासकट माझ्या सीटच्या पाठीवर जाऊन टेकली. मला खरचटलंसुद्धा नाही.

त्याचा हात राहिला, पण मूठ कधी वळली नाही. ड्रायव्हरकी संपली.

पंधरा दिवसांनी कमिटी बसली. सेक्रेटरींनी सुरुवातच केली, की गाडी बेफाम चालवली असणार. की या लोकांना हल्ली कशाचं भानच उरलेलं नाही. की कदाचित घेतलेलीही असेल. किसन कोपऱ्यात उभा होता, हात गळ्यात बांधलेला. त्याला खुर्ची दिली नव्हती. एका मेंबरांनी मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही शेजारीच होता. गाडीचा वेग किती होता?"

नोकरी हा माझा एकमेव आधार होता. दारव्ह्याला आई आणि दोन धाकट्या बहिणी होत्या. खांब कोणी कापायला लावला आणि खाटा कोणी चालवून घ्यायला लावल्या, हे एकदा निघालं असतं तर ते माझ्यापाशी येऊन थांबलं असतं. मी म्हणाले, "मला झोप लागली होती. मी पाहिलं नाही."

किसनने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात चाचा आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. स्वच्छ सदरा, टोपी, आणि दोन्ही हातांवर, लहान मूल धरावं तसा, कापडात गुंडाळलेला मधला खांब. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि कापड सोडलं.

"हा गाडीचा खांब हाये," ते म्हणाले. "छत याच्यावर होतं. मी कापला. छत पडलं थे याच्यानं पडलं. किसनची कायी चूक नाई."

सेक्रेटरी म्हणाले, "मिस्त्री, हा कापायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. एका शब्दाचं अंतर होतं.

"कोनी सांगतलं म्हून मिस्त्री कापत असते काय, साहेब?" चाचा म्हणाले. "मिस्त्री मी होतो. करवत माह्या हातात होती."

किसनवरचा ठपका गेला. दवाखान्याने त्याला फाटकावर वॉचमन म्हणून ठेवलं. चाचांना मात्र त्या दिवसानंतर गाडीचं काम मिळालं नाही. ज्याने मनका कापला तो मिस्त्री, अशी त्यांची ओळख गावभर झाली. गॅरेजच्या मालकाने त्यांची जागा एका वेल्डिंगवाल्याला दिली. तशीही लाकडी गाड्यांची सद्दी संपतच आली होती. दवाखान्याला नवी जीप आली, सगळी लोखंडाची. चाचा घरी बसून पाळणे आणि चौरंग करू लागले.

मला त्यांच्या घरी जायचं धैर्य व्हायला वर्ष लागलं. चाचीने चहा दिला आणि ती आत गेली. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. चाचांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "तुम्ही खांब काढा म्हनलं, थे खोटं नोतं. बाई आडवी गेलीच पाह्यजे होती. मी काढू नोका म्हनलं, थे बी खोटं नोतं. मले पटत नोतं तरी मी करवत चालवली. हा गुन्हा माहा हाये. तुमचा नाई."

"आणि कमिटीत मी बोलले ते?"

"थे तुमचं हाये," ते म्हणाले. "त्याचं मी कायी करू शकत नाई."

त्यांनी ते कठोरपणे म्हटलं नव्हतं. एखाद्या लाकडाला कुठे गाठ आहे ते सांगावं, तसं म्हटलं होतं. मी घरी आले आणि ठरवलं, उद्या किसनला सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी किसन फाटकावर उभा होता, उजव्या हाताने फाटक उघडत होता. "जय भीम, बाई," तो म्हणाला. मी "जय भीम" म्हणाले आणि आत गेले. मग रोज तेच झालं. असं एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. मधल्या काळात महाराष्ट्र झाला, दवाखान्यावरची पाटी बदलली, सेक्रेटरी बदलले. मी हेडसिस्टर झाले.

चाचा एका उन्हाळ्यात गेले. तीन दिवस ताप आला आणि संपले. मी चाचीला भेटायला गेले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. किसन कब्रस्तानातून नुकताच परतला होता. त्याच्या पायाला माती होती. तो भिंतीला टेकवलेल्या फळ्यांपाशी एकटाच उभा होता. मी त्याच्याजवळ गेले आणि, का कोण जाणे, तिथेच, माणसांच्या देखत, सगळं सांगून टाकलं. खांब मी कापायला लावला. खाटा मी चालवून घ्यायला लावल्या. मी जागी होते. तू गाडी पायी चालायच्या वेगाने घातलीस, हे मी पाहिलं होतं.

किसनने मला मध्ये थांबवलं नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "खाटाइचं तं मी होतोच, बाई. बाकीचं बी मले माहीत हाये."

"कसं?"

"कमिटीनंतर हाताच्या आपरेशनाले मी नागपूरले दवाखान्यात होतो तवा चाचा आलते पाह्याले. ज्याचा हात गेला त्याले खरं माहीत पाह्यजे, म्हने. आन मले कसम घातली. बाईले टोकू नोको, म्हने. त्याई आपल्या पायानं येतीन सांगाले."

मी त्याच्या न वळणाऱ्या मुठीकडे पाहिलं.

"दर ईदले मी जात होतो त्याईच्याकडे," किसन म्हणाला. "दर वेयेस इचारत, बाई आल्या काय? मी म्हनो, नाई आल्या अजून, चाचा. मंग थे म्हनत, येतीन."

त्याने पायाची माती झटकली आणि चाचीला पाणी द्यायला आत गेला.